चेसिसवरचे तीन ठोके

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान.

हजर: मी – वय ५१, आमच्या गॅरेजचं ऑफिस, पार्ट्सचा स्टॉक आणि गाड्यांच्या चाव्या सांभाळते. दिनेशभाऊजी – माझे धाकटे दीर, डिझेल मेकॅनिक. बापू – नामपूरचा ट्रकवाला, गाडी त्याचीच आणि चालवतोही तोच.

गैरहजर: आमचे हे, पार्ट्स आणायला मालेगावला गेलेले. दोन्ही कामगार – एकाच्या घरी लग्न, दुसरा त्या लग्नाला.

शेडमध्ये चौथं माणूस नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, कारण ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

इथे ग्रुपवर लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी वाचते, पण विश्वास ठेवून नाही. जेवल्यावर बडीशेप खावी तसं वाचते. आमच्या जॉब कार्डावर ‘कारण’ नावाचा रकाना आहे. गाडी का बंद पडली, ते तिथे लिहायचं. अठरा वर्षांत मी तो रकाना कधी रिकामा सोडलेला नाही. आवाज आला तर कशाचा तरी येतो, वास आला तर कशाचा तरी येतो. शोधायला वेळ लागतो, इतकंच. बंपरला लिंबू-मिरची बांधून आलेल्या ड्रायव्हरला मी नेहमी म्हणते, बाबा, हे राहू दे, पण एअर फिल्टरही बदल.

तर गॅरेज आडगाव शिवारात, आग्रा रोडपासून थोडं आत. पत्र्याची शेड, तीन ट्रक उभे राहतील एवढी. डावीकडे ट्रकच्या बॉड्या बनवणाऱ्यांची शेड, उजवीकडे द्राक्षबाग. त्या दिवशी लख्ख ऊन होतं. भीती वाटावी असं त्या जागेत काही नाही… नव्हतं.

बापूची गाडी सहाचाकी, कांदा वाहणारी. आदल्या दिवशी मुंबईला माल उतरवून रिकामी परत येताना ती कसारा घाटात तीनदा बंद पडली होती. सपाटीला चालते, चढ लागला की दम सोडते. बापू सकाळी साडेनऊलाच हजर.

“ताई, घाटमा तीनदा बंद पडनी. हाई गाडीमा जीवच नही शे,” तो म्हणाला. बापू माझ्याशी मराठी बोलायला लागतो आणि दुसऱ्या वाक्याला अहिराणीवर जातो. त्याला चार वाजता नामपूरला कांदा भरायचा होता. व्यापाऱ्याचे दोन फोन येऊन गेले होते.

भाऊजींनी स्कॅनर लावला. डिझेलचं प्रेशर कमी. पण स्कॅनर एवढंच सांगतो, का ते सांगत नाही. ते माणसाने शोधायचं. टाकीतून इंजिनपर्यंत डिझेल येतं त्या वाटेवर कुठेतरी अडतंय, नाहीतर कुठूनतरी हवा शिरतेय. फिल्टर नवा टाकला – फरक नाही. गेज लावला. पाचच्या आसपास असायला हवा तो काटा जेमतेम दोनवर, आणि तिथेही थरथरतोय. काटा थरथरला म्हणजे हवा, असं भाऊजी म्हणतात. मग त्यांनी टाकीकडून येणाऱ्या पाइपात, इंजिनाच्या अगदी जवळ, एक पारदर्शक नळी बसवली. डिझेल वाहताना त्यात बुडबुडे दिसले की हवा कुठल्या बाजूने येते ते कळतं.

आता आमची कामाची पद्धत सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

नळी बघायला एक जण इंजिनाखाली उताणा झोपतो – ते भाऊजी. फिल्टरवर हातपंप असतो, तो दाबून पाइपातली हवा काढायला एक जण चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, बाजूला – त्या दिवशी बापू. आणि चावी फिरवायला एक जण केबिनमध्ये – ती मी. गाडीवर काम चालू असताना चावी माझ्याच खिशात असते, हा आमच्याकडचा नियम. तिघं एकमेकांना दिसत नाहीत. रोडचा आवाज इतका, की खालच्या माणसाची हाक केबिनमध्ये कळत नाही. म्हणून भाऊजी पान्याने चेसिसवर ठोकतात. एक ठोका – पंप मार. दोन – थांबा, कोणी कशाला हात लावू नका. तीन – गाडी चालू करा.

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शेडमधली पत्र्याची ठोकाठोक मी ‘तीन’ समजले होते आणि चावी फिरवली होती. भाऊजींच्या डोळ्यांत डिझेल उडालं, त्यावर निभावलं. तेव्हापासून मी दोन गोष्टी वाढवल्या. एक, चालू करायचा इशारा म्हणजे नुसते तीन ठोके नाहीत. तीन ठोके आणि त्यानंतर पाना चेसिसवरून ओढायचा – खर्रर्र. असा आवाज दुसऱ्या कुठल्या कामात चुकूनही होत नाही. दुसरी गोष्ट, इशारा आला तरी मी खिडकीतून डोकं बाहेर काढून एकेकाला नावाने मोठ्यांदा हाक मारणार, आणि त्याने ‘हजर’ म्हटल्यावरच चावी फिरवणार.

या हजेरीवरून माझी भरपूर चेष्टा होते. भाऊजी मला ‘हेडबाई’ म्हणतात. त्या दिवशीही मी पहिल्यांदा हाक मारली तेव्हा खालून त्यांनी ओरडून सांगितलं होतं, “हजर, बाई. डबापण आणलाय.” बापू हसत सुटला होता.

साडेदहा ते अकरा आम्ही चार वेळा हेच केलं. पंप मारायचा, इशारा, हजेरी, चावी. गाडी चालू व्हायची, मिनिटभर चालायची, मग घरघरून बंद. नळीत बुडबुडे येतायत, बाजू टाकीचीच दिसते, असं भाऊजींनी बाहेर येऊन सांगितलं. एकदा नक्की करून घेऊ, मग टाकी उघडू. पाचवी खेप. ते परत खाली गेले, बापू पंपावर, मी केबिनमध्ये. सव्वाअकरा.

तेवढ्यात ह्यांचा मालेगावहून फोन आला. सीलचे नंबर हवे होते. यादी माझ्या डायरीत होती. डायरी मांडीवर, फोन मान वाकडी करून खांद्याशी धरलेला, आणि मी एकेक नंबर वाचून दाखवत होते. मला यादी वाचायला आवडते. वाचताना दुसरं काही सुचत नाही, हेही खरं.

ठोके आले. तीन. मग खर्रर्र.

ते कानाने ऐकण्याआधी पायांना कळतात – केबिनच्या पत्र्यातून तळव्यांना. मी नंबर वाचत वाचतच उजवा हात पुढे केला आणि चावी फिरवली.

हजेरी घेतली नाही. अर्ध्या तासात चार वेळा घेतली होती, माणसं तीच, जागा तीच, फोनवर सातवा नंबर चालू होता… यातलं कुठलंही कारण मी सबब म्हणून देत नाही. फक्त घडलं ते लिहिते.

स्टार्टर फिरला. मी तो कधीच लांबवत नाही, एखादा सेकंद. इंजिनने पकडलं नाही. पाइपात हवा होती, डिझेल पोचलंच नाही. मी चावी सोडली आणि फोनवर आठवा नंबर सांगितला.

आणि परत ठोके आले. तीन. खर्रर्र.

लगेच. चार सेकंदही गेले नसतील. माझा हात पुन्हा चावीवर गेला होता. तो का थांबला ते सांगते. भाऊजींची ठोकायची एक लकब आहे. त्यांचा तिसरा ठोका घाईत येतो – टक, टक-टक. अठरा वर्षं ऐकतेय. हे ठोके सारख्या अंतराचे होते. घड्याळासारखे. आणि लक्षात आलं, की आधीचेही तसेच होते.

मी समोर पाहिलं. काचेसमोर बापू उभा होता, पंप सोडून, कंबरेवर दोन्ही हात ठेवून. म्हणजे त्याला थांबायचा इशारा मिळाला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. मान खाली घालून बंपरखाली बघत होता.

मी फोन सीटवर टाकला, डोकं बाहेर काढलं आणि हाक मारली. भाऊजी. उत्तर नाही. पुन्हा मारली. रोडवरून एक कंटेनर गेला, तो जाईपर्यंत थांबून तिसऱ्यांदा मारली. काही नाही. बापूने वर पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“ताई,” तो म्हणाला, “कोन ठोकस?”

तीन. खर्रर्र.

मी चावी काढून घेतली आणि उतरले. मुठीत चावी इतकी घट्ट धरली होती, की संध्याकाळपर्यंत तळव्यावर तिचा ठसा होता. बंपरखाली वाकले.

भाऊजी पुठ्ठ्यावर उताणे होते. उजवा हात वर, फॅन बेल्टच्या पलीकडे गेलेला. शर्टाची बाही बेल्ट आणि पुलीच्या मध्ये सापडून गुंडाळली गेली होती, आणि तिच्याबरोबर हात कोपरापर्यंत ओढला गेला होता. शर्ट ताणून कॉलर गळ्यात रुतली होती. डाव्या हाताची बोटं कॉलरमध्ये घालून ते कसाबसा श्वास घेत होते. तोंड उघडं, पण आवाज निघत नव्हता. डोळे उघडे. ते माझ्याकडे बघत नव्हते, डोक्यावरच्या चेसिसकडे बघत होते.

पाना पायाजवळ पडला होता. पुठ्ठ्याच्या कडेला, त्यांच्या गुडघ्याच्याही खाली. दोन्ही हातांपासून लांब.

मी आत सरकले. माझ्या एप्रनच्या खिशात पार्ट्सचे खोके उघडायचा कटर असतो. तो काढला, कॉलरच्या कडेला लावला… आणि ठोके आले.

माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. चेसिसच्या खालच्या कडेला डिझेलचे थेंब लोंबत होते, सकाळपासून पाइप काढ-घाल चालली होती ना, त्याचे. पहिला ठोका – एक थेंब पडला. दुसरा – अजून एक. तिसरा. मग खर्रर्र, आणि उरलेले सगळे थेंब या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने गळत गेले, कोणीतरी त्या लोखंडावरून काही ओढत नेल्यासारखे. मी डोळे उघडे ठेवून बघत होते. तिथे काही नव्हतं. लोखंड होतं, ऊन होतं. बाजूने उजेड येत होता, सगळं स्वच्छ दिसत होतं.

माझी चावी माझ्या मुठीत होती हे मला माहीत होतं. तरी मी ओरडून बापूला बॅटरीची वायर काढायला सांगितली. तो जागचा हलेना. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा तो पळाला.

कॉलर कापली. भाऊजींनी जो श्वास ओढला त्याचा आवाज मला अजून येतो. मग बेल्ट. बेल्ट जाड असतो, कटर छोटा. एकाच जागी ओढत राहावं लागतं. आणि ते ठोके थांबत नव्हते. आता मधलं अंतर कमी होत चाललं होतं. तीन, खर्र. तीन, खर्र. तीन, खर्र. कोणाला तरी घाई झाली होती. कोणाचा तरी धीर सुटत चालला होता, की ही बाई चावी का फिरवत नाही. मला तेव्हा असंच वाटलं, आणि तसं वाटल्याबरोबर मी कटर जोरात ओढला, तो सटकून भाऊजींच्या मनगटाला लागला. ती खूण त्यांच्या हातावर राहील. ती माझी आहे.

बापू बाजूने ओरडला, निघाली, ताई, वायर निघाली. त्याच वेळी बेल्ट तुटला. ठोके थांबले. यातल्या कशाने थांबले ते मला सांगता येणार नाही.

आम्ही दोघांनी भाऊजींना पुठ्ठ्यासकट बाहेर ओढलं. बापूच्या खांद्यावरचा पंचा हाताला गुंडाळला, रोडवरच्या ढाब्यावरून एक जीप मागून घेतली आणि पंधरा मिनिटांत दवाखान्यात पोचलो. दोन बोटं मोडली होती, कोपरापर्यंत कातडी सोलली होती. हात राहिला. डॉक्टरांनी कसं झालं ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, इंजिन चालू झालं नाही हे नशीब, नाहीतर हात खांद्यापासून गेला असता, आणि मानेचंही सांगता आलं नसतं.

म्हणजे ज्या बिघाडासाठी गाडी आली होती, त्या बिघाडाने त्यांना वाचवलं. डिझेल एक सेकंद आधी पोचलं असतं तर… हे वाक्य मी आजवर एकदाही पूर्ण केलेलं नाही.

संध्याकाळी प्लास्टर घातल्यावर भाऊजी शुद्धीत नीट बोलायला लागले. नळी बेल्टकडे झुकत होती, ती तारेने मागे बांधायची होती. त्यासाठी बेल्टच्या पलीकडे हात घालावा लागणार. म्हणून त्यांनी आधी दोन ठोके दिले – थांबा. पाना खाली ठेवला, पायाने बाजूला सरकवला आणि हात घातला. बापूने ते दोन ठोके ऐकले होते. म्हणूनच तो पंप सोडून पुढे आला होता. मी फोनवर होते, मला ऐकू आले नाहीत. आणि मग, बापूच्या शब्दांत, “पहिले दोन. थोडं थांबनं. मंग तीन, आन् ते घासनं.” त्याला वाटलं, भाऊजींचा विचार बदलला.

भाऊजी छताकडे बघत सांगत होते. “वहिनी, ते माझ्या कानाशी वाजलं. मी म्हटलं, कोण आहे रे. हात काढायला गेलो आणि बेल्ट फिरला. नंतर गळा आवळला गेला. मी मनात नको नको म्हणत होतो, आणि ते ठोकतच होतं. तुम्हाला बोलावत होतं.”

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत रागबिग काही नव्हतं. असता तर बरं झालं असतं.

“चावी फिरवायच्या आधी तुम्ही हाक मारली, तेव्हा मी ‘हजर’ म्हणालो का?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. भाऊजींच्या डोक्यात एक गोष्ट पक्की आहे – वहिनी हजेरी घेतल्याशिवाय चावी फिरवत नाही. कधीच नाही. मग चावी फिरली त्याअर्थी वहिनीने हाक मारली असणार, आणि कोणीतरी ‘हजर’ म्हटलं असणार. त्यांच्या आवाजात.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आली, मागोमाग जाऊबाई आणि मुलं आली, रडारड झाली. माझ्या गप्प राहण्याचा त्यांनी ‘हो’ असा अर्थ घेतला. डोळे मिटले आणि “वाटलंच होतं” एवढं पुटपुटले.

पुढच्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे कारण शोधायला लागले. शेजारची शेड त्या दिवशी बंद होती. मी जाऊन विचारलं, कुलूप कोणी उघडलं तेही विचारलं. कोणी नाही. कॉम्प्रेसर बंद होता. लोखंड तापून आवाज करतं, पाइपात हवा अडकली की टकटक होते, हे मला माहीत आहे. पण ती टकटक तीनवर थांबून मग घासत जात नाही. बापूवर शंका घेतली, कारण घ्यायला हवी होती. पण तिसऱ्या वेळी तो माझ्या डोळ्यांसमोर होता, हात कंबरेवर. गाडी त्याने मनमाडच्या एकाकडून चार वर्षांपूर्वी घेतलेली. त्या माणसाला मी फोन केला. गाडीला कधी अपघात नाही, गाडीखाली कोणी गेलेलं नाही. उलट तो माझ्यावरच तडकला, की ताई, गाडी विकून चार वर्षं झाली, आता काय चौकशी लावलीय. आमच्या जागेवर पूर्वी कांद्याची चाळ होती, त्याआधी नुसतं रान. तिथेही काही नाही.

आणि तो इशारा… तीन ठोके आणि घासणं ही माझी कल्पना. आमच्या शेडबाहेर कोणाला माहीत नाही. मी तो इतक्या काळजीने बनवला होता, की तो आला की मी विश्वास ठेवणारच. रात्री झोप लागत नाही ती या विचाराने. जे काही होतं, त्याला माझा विश्वास कशावर बसतो ते माहीत होतं.

गाडीचा आजार मात्र सापडला. दुसऱ्या मेकॅनिकने टाकी उघडली. डिझेल ओढणाऱ्या नळीला टाकीच्या आत, वरच्या भागात बारीक चीर होती. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की चीर उघडी पडायची आणि नळी हवा ओढायची. नळी बदलली, काटा पाचवर स्थिर. कार्डावर कारण लिहिलं. बापू गाडी चालवतोय, घाटही चढते. त्याच्या सासूने गाडीवरून नारळ उतरवायला लावला. मी काही बोलले नाही. त्याने आमच्या शेडपुढेही एक फोडला, तेव्हाही नाही.

भाऊजी एप्रिलपासून कामावर येतात. बोटं पूर्ण मिटत नाहीत, पण पाना धरता येतो. ठोक्यांची पद्धत मी बंद केली आहे. आता चावी फिरवायच्या आधी खालचा माणूस बाहेर येऊन माझ्यासमोर उभा राहतो. वेळ जातो, जाऊ दे.

पण परवा जाऊबाई ऑफिसात येऊन बसल्या. म्हणाल्या, “वहिनी, हे आता हाकेला ओ देत नाहीत.” घरात त्यांनी किंवा मुलांनी दुसऱ्या खोलीतून हाक मारली, तर भाऊजी उत्तर देत नाहीत. उठतात, येतात आणि समोर येऊन उभे राहतात. काय झालं विचारलं तर म्हणतात, मी बोललो हे तुम्हाला कसं कळणार, मला बघा आणि मग बोला. धाकटी पाच वर्षांची आहे, तिला खेळ वाटतो. थोरला घाबरतो. एकदा पोरगा अंधारात ‘पप्पा’ म्हणून ओरडला, तर हे त्याच्या उशाशी जाऊन उभे, तोंडातून शब्द नाही.

ठोके कोणी दिले ते मला माहीत नाही आणि आता वाटतं, कधी कळणारही नाही. तो रकाना रिकामा राहील. पण भाऊजींच्या आवाजात कोणी उत्तर दिलं नव्हतं, हे मला माहीत आहे. फक्त मलाच माहीत आहे. चावी फिरवताना मी हाकच मारली नव्हती. माझ्या एका वाक्याने त्यांची अर्धी भीती जाईल, आणि त्याच वाक्याने, वहिनी कधी चुकत नाही, हेही जाईल. हात कोणी ओढला याचं अर्धं उत्तर मग माझं नाव असेल.

त्या संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर मी डायरीत लिहिलं होतं – भाऊजींना सांगणे. दुसऱ्या दिवशी काम पुढच्या पानावर नेलं. मग त्याच्या पुढच्या. इथे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, ते कळतं मला. ते काही हे वाचत नाहीत.

आजच्या यादीत एकूण सहा कामं. पाच झाली. सहावं राहिलंय. खिडकीतून शेड दिसते, भाऊजी एका टेम्पोखाली आहेत, पुठ्ठ्याबाहेर त्यांचे नुसते पाय दिसतायत. मी इथून हाक मारली तर ते ओ देणार नाहीत. उठून जावं लागेल.